नियमांना दुसरा साक्षीदार हवा

मराठी शाळांत क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. त्यांतला विध्यर्थ सर्वांत गुंतागुंतीचा, कारण एकच रूप तो अनेक कामांना जुंपतो. ‘मुलांनी रोज वाचावे’ यात कर्तव्य आहे, ‘यंदा पाऊस वेळेवर यावा’ यात इच्छा आहे, तर ‘गाडी एव्हाना आली असावी’ यात अंदाज आहे. यांतले एकही वाक्य प्रत्यक्ष काय आहे ते सांगत नाही. काय असायला हवे, काय असू शकेल, काय असणारच, याविषयी ती बोलतात. आपला बराचसा गंभीर विचार अशाच वाक्यांतून चालतो. करारातली अट, कायद्यातले कलम, डॉक्टरांचे निदान, हवामानाचा अंदाज, पुलाच्या सुरक्षिततेची हमी या सगळ्यांत ‘असेल’, ‘असावे’, ‘असूच शकत नाही’ हे शब्द निर्णायक असतात. आणि खरे-खोटे मोजणारे जे तर्कशास्त्र बारावीपर्यंत शिकवले जाते, ते या शब्दांपाशी येऊन थांबते. या शब्दांचे शिस्तबद्ध शास्त्र विसाव्या शतकात उभे राहिले. त्याला मोडल लॉजिक म्हणतात. ते तज्ज्ञांपुरते राहिले असले, तरी त्याच्या इतिहासातून मिळणारा एक धडा नियमांवर विसंबणाऱ्या प्रत्येक समाजाने समजून घ्यावा असा आहे.

तो धडा असा. कोणत्याही तर्कव्यवस्थेचे दोन हिशेब असतात. एक हिशेब नियमांचा: ठरावीक गृहीतकांपासून सुरुवात करून, ठरावीक पायऱ्यांनी कोणती वाक्ये सिद्ध होतात? दुसरा हिशेब अर्थाचा: ही वाक्ये ज्याविषयी बोलतात त्या परिस्थितींत, म्हणजे कल्पिता येतील तेवढ्या सर्व परिस्थितींत, कोणती वाक्ये खरी ठरतात? सिद्ध झालेले प्रत्येक वाक्य खरे असेल, तर व्यवस्था निर्दोष. सर्वत्र खरे असलेले प्रत्येक वाक्य सिद्धही करता येत असेल, तर ती पूर्ण. साध्या विधानांच्या तर्कशास्त्रात हे दोन्ही हिशेब तंतोतंत जुळतात, हे एमिल पोस्ट यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केले. सत्यता-कोष्टकात जे नेहमी खरे येते ते सगळे सिद्धही होते आणि त्यापलीकडचे काहीही सिद्ध होत नाही. हे जुळणे दोन साक्षीदारांच्या जबाबांसारखे आहे. मात्र दोन जबाब जुळले याला वजन तेव्हाच येते, जेव्हा दुसरा साक्षीदार पहिल्याने पढवून आणलेला नसतो. माझे म्हणणे असे की, पूर्णतेच्या प्रमेयाची किंमत या एका गोष्टीवर ठरते: ज्या अर्थाशी नियम जुळले तो अर्थ नियमांपासून किती स्वतंत्र होता? मोडल लॉजिकइतका याचा स्वच्छ पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

सुरुवात अमेरिकी तत्त्वज्ञ क्लॅरेन्स इरविंग लुईस यांच्या असमाधानातून झाली. प्रचलित तर्कशास्त्रात ‘जर-तर’चे वाक्य, त्याचा पूर्वभाग खोटा असला की, आपोआप खरे ठरते. ‘पुणे समुद्रकिनारी असेल तर सूर्य पश्चिमेला उगवतो’ हे वाक्य त्या हिशेबाने खरे आहे, कारण पुणे समुद्रकिनारी नाही. लुईस यांना हे मान्य नव्हते. ‘जर-तर’ने पूर्वभाग खरा आणि उत्तरभाग खोटा असणे अशक्य आहे एवढे सांगायला हवे, असे त्यांनी १९१२ पासून मांडले आणि ‘अशक्य’ या शब्दाला तर्कशास्त्रात आणले. सी. एच. लँगफर्ड यांच्यासह १९३२ मध्ये त्यांनी ‘सिंबॉलिक लॉजिक’ हा ग्रंथ लिहिला. त्यात शक्याशक्यतेच्या एक नव्हे, पाच व्यवस्था होत्या. एस-१ ते एस-५ या नावांनी त्या आजही ओळखल्या जातात. चौथीत असा नियम आहे की, जे अनिवार्य आहे ते अनिवार्य असणेही अनिवार्य आहे. पाचवीत असा की, जे शक्य आहे ते शक्य असणेही अनिवार्य आहे. यांतली बरोबर कोणती? त्याचा निवाडा करायला कोणी नव्हते. एकाला एक नियम पटे, दुसऱ्याला दुसरा. सत्यता-कोष्टक मदतीला येईल ही आशाही १९४० मध्ये मावळली: खरे-खोटे या दोन मूल्यांऐवजी तीन, चार, शंभर मूल्ये घेतली, तरी कोणतेही मर्यादित कोष्टक या पाचांपैकी एकाही व्यवस्थेशी नेमके जुळत नाही, असे जेम्स डुगुंजी यांनी सिद्ध केले. पहिला साक्षीदार बोलत होता, तेही पाच वेगवेगळे जबाब देत होता, आणि दुसरा साक्षीदार कोर्टात आलाच नव्हता.

दुसरा साक्षीदार आला तो १९५०च्या दशकाच्या अखेरीस. स्टिग कांगर, याक्को हिंतिक्का, रिचर्ड मॉन्टेग्यू आणि काळाचे तर्कशास्त्र उभारणारे न्यूझीलंडचे आर्थर प्रायर असे अनेक जण त्या दिशेने निघाले होते. पण ज्या रूपात ती कल्पना रुजली ते रूप सॉल क्रिपके यांचे. १९५९ मध्ये ‘जर्नल ऑफ सिंबॉलिक लॉजिक’मध्ये त्यांचा पूर्णतेचा पहिला निबंध आला, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते, १९६३च्या निबंधांत चित्र पूर्ण झाले. ते चित्र कागदावर काढता येते. काही बिंदू घ्या. प्रत्येक बिंदू म्हणजे एक परिस्थिती. तिथे काही विधाने खरी, काही खोटी. काही बिंदूंपासून काही बिंदूंकडे बाण काढा. बाणाचा अर्थ एवढाच की, इथून पाहता ती परिस्थिती विचारात घेण्याजोगी आहे. आता एखादे विधान एखाद्या बिंदूवर ‘अनिवार्य’ म्हणजे तिथून बाण जातील त्या सर्व बिंदूंवर खरे, आणि ‘शक्य’ म्हणजे त्यांतल्या निदान एका बिंदूवर खरे. बिंदू आणि बाण यांच्या या मांडणीला चौकट म्हणू. या चौकटीने केलेली कमाल ‘जे अनिवार्य ते खरे’ या साध्या नियमातच दिसते. प्रत्येक बिंदूपासून स्वतःकडे बाण असेल तर हा नियम टिकतो, नसेल तर मोडतो. ‘अनिवार्य ते अनिवार्यपणे अनिवार्य’ हा चौथ्या व्यवस्थेचा नियम टिकतो तो बाणांच्या साखळीने जिथे पोहोचता येते तिथे थेट बाणही असेल तेव्हा. पाचव्या व्यवस्थेचे म्हणणे असे की, बिंदूंचे गट पाडता यावेत आणि गटातल्या प्रत्येकाकडून प्रत्येकाकडे बाण असावा.

मग ‘पाचांतली बरोबर कोणती’ या भांडणाचे स्वरूपच पालटले. विध्यर्थाची उदाहरणे पुन्हा घेऊ. ‘रस्ते स्वच्छ असावेत’ यावरून ‘रस्ते स्वच्छ आहेत’ असे निघत नाही, हे कोणत्याही शहरातला नागरिक जाणतो. म्हणजे कर्तव्याच्या तर्कशास्त्रात ‘हवे ते आहे’ हा नियम चालणार नाही. का चालणार नाही, ते चौकट दाखवते: कर्तव्याचे बाण आपल्या परिस्थितीपासून अशा परिस्थितींकडे जातात जिथे सगळी कर्तव्ये पाळली गेली आहेत, आणि आपली परिस्थिती त्यांत नसू शकते, म्हणून स्वतःकडे बाण नाही. ज्ञानाचे उलट आहे. ‘मला माहीत आहे’ असे खरेपणाने म्हणायचे तर ती गोष्ट खरी असावीच लागते, म्हणून तिथे स्वतःकडचा बाण हवा. कोणता नियम घ्यावा हा प्रश्न मतांतून सुटून बाणांच्या आकाराचा झाला आणि त्यावर पुराव्याने बोलता येऊ लागले. पाठोपाठ पूर्णतेची प्रमेयेही आली. बाणांवर फक्त स्वतःकडे येण्याची आणि साखळी असेल तिथे थेट बाणही असण्याची अट घातली, तर त्या सर्व चौकटींत जे खरे ते सगळे एस-४च्या नियमांतून निघते, कमीही नाही आणि जास्तही नाही. लुईस यांनी शब्दांवरून रचलेल्या नियमांना असा आकार असेल, हे १९३२ मध्ये कोणाला ठाऊक नव्हते. दोन वेगळ्या वाटांनी आलेले जबाब इथे जुळले.

यावर पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे. ‘शक्य परिस्थिती’ म्हणजे तरी काय? आपण जिथे राहत नाही अशी जगे मानायची आणि त्यांच्या भरवशावर तर्कशास्त्र उभे करायचे, हे भुतावर विश्वास ठेवण्यासारखे नाही का? हार्वर्डचे डब्ल्यू. व्ही. क्वाइन यांना तर अनिवार्यता हा विषयच गोंधळाचा वाटे. आठ ही संख्या सातपेक्षा मोठी असणे अनिवार्य आहे. ग्रहांची संख्या आठ आहे. मग ग्रहांची संख्या सातपेक्षा मोठी असणे अनिवार्य आहे का? अर्थातच नाही, सूर्यमालेत सहा ग्रह असू शकले असते. क्वाइन यांनी लिहिले तेव्हा ग्रह नऊ मानले जात, २००६ मध्ये प्लूटो वगळला गेला आणि ते आठ झाले, पण युक्तिवाद तोच राहतो: समान वस्तूच्या जागी समान वस्तू ठेवल्यावर सत्य बदलत असेल, तर भाषेतच दोष आहे. या आक्षेपाला चौकटच उत्तर देते. ‘आठ’ हे नाव प्रत्येक बिंदूवर त्याच संख्येकडे बोट दाखवते. ‘ग्रहांची संख्या’ हे वर्णन वेगवेगळ्या बिंदूंवर वेगवेगळ्या संख्यांकडे. इथे दोन समान वस्तूंची अदलाबदल झालीच नाही, नाव आणि वर्णन यांची झाली. राहिला जगांचा प्रश्न. डेव्हिड लुईस यांच्यासारख्या तत्त्वज्ञाने ती सगळी जगे आपल्या जगाइतकीच खरी आहेत असे मानले हे खरे, पण चौकटीला त्याची गरज नाही. क्रिपके यांनी स्वतः फाशांचे उदाहरण दिले: दोन फासे टाकले तर छत्तीस शक्यता असतात, आणि त्या मोजताना आपण छत्तीस परकी जगे मानत नाही. बिंदू म्हणजे हिशेबाची खूण. त्यावर आक्षेप घ्यायचा तर संभाव्यतेच्या सगळ्या गणितावर घ्यावा लागेल.

दुसरा आक्षेप अधिक आतला आहे आणि माझ्या मांडणीच्या मुळाशी जातो. चौकटीच्या आधीही अर्थ देण्याची एक रीत होती, ती बीजगणिताची. जे. सी. सी. मॅकिन्सी, आल्फ्रेड टार्स्की, ब्यार्नी यॉन्सन यांनी १९४० आणि १९५०च्या दशकांत ती विकसित केली. त्या रीतीत नेहमीच्या जातकुळीतली प्रत्येक मोडल व्यवस्था पूर्ण ठरते. अपवाद एकही नाही. मग क्रिपके यांच्या पूर्णतेचे एवढे कौतुक का? उत्तर असे की, ती सार्वत्रिक पूर्णता फार स्वस्त मिळते. नियमांनी जी वाक्ये एकमेकांच्या बरोबरीची ठरवली, त्यांचे गठ्ठे बांधून बीजगणित तयार करायचे आणि मग नियम त्या बीजगणिताशी जुळतात का ते पाहायचे. जुळणारच, कारण बीजगणित नियमांतूनच घडवले आहे. तंत्र म्हणून हे अतिशय उपयोगी आहे, पण साक्ष म्हणून हा पढवलेला साक्षीदार आहे. यावर कोणी विचारील: क्रिपके-चौकटींची पूर्णता सिद्ध करतानाही तज्ज्ञ बिंदू तयार करतात ते वाक्यांच्या परस्परसुसंगत संचांतूनच. तो साक्षीदार तरी कुठे अस्सल? शंका रास्त आहे. पण तिथे एक परीक्षा शिल्लक उरते. वाक्यांतून बिंदू आणि बाण बनवल्यावर वाक्ये पुसून टाकायची, नुसती चौकट ठेवायची आणि विचारायचे: या बिंदूंवर विधाने वाटेल तशी खरी-खोटी मांडली तरी आपले नियम टिकतात का? एस-४ आणि एस-५ या परीक्षेत उतरतात. सगळ्या व्यवस्था उतरत नाहीत. ज्या परीक्षेत नापास होता येते, त्याच परीक्षेतल्या उत्तीर्णतेला अर्थ असतो.

ही नापास होण्याची शक्यता नुसती कल्पनेतली नाही, हे १९७२ मध्ये एस. के. थॉमसन यांनी काळाच्या तर्कशास्त्रात दाखवून दिले. त्यांच्या व्यवस्थेचा गाभा साध्या मराठीत सांगता येतो. काळ पुढे एका रेषेत चालतो आणि तो कधी संपत नाही, हा पहिला नियम. जे पूर्वी कधीतरी घडले त्याची पहिली वेळ असतेच, हा दुसरा. त्यामुळे काळ फिरून स्वतःच्याच भूतकाळात येण्याची वाटही बंद होते. तिसरा नियम असा: जे पुन्हा पुन्हा होतच राहणार आहे ते कधीतरी कायमचे होऊन राहील. तिसरा नियम ऐकताच पंचांग पाहणाऱ्या माणसाच्या मनात शंका येईल. आज एकादशी नसली तरी पुढे येणार, नंतर पुन्हा येणार, ती येतच राहणार. पण एकादशी कायमची कधीच राहत नाही. न संपणाऱ्या, न फिरणाऱ्या काळात असे आलटून-पालटून खरे होणारे विधान मांडता येतेच, म्हणून या तीन नियमांना एकत्र पाळणारी चौकट जगात एकही नाही. अर्थाच्या बाजूने पाहता ही व्यवस्था विसंगत आहे. नियमांच्या बाजूने पाहिले तर मात्र धक्का बसतो: या गृहीतकांतून कितीही पायऱ्या चढल्या तरी परस्परविरोध सिद्धच होत नाही. कारण १, २, ३ अशी दिवसांची रांग घेऊन फक्त तीच विधाने विचारात घेतली, जी मोजक्या दिवशीच खरी असतात किंवा मोजके दिवस सोडून नेहमी खरी असतात, तर तिथे तिन्ही नियम बिनबोभाट चालतात. एकादशीला त्या रांगेत जागाच नसते. सिद्धतेच्या पायऱ्या एवढ्याच मर्यादित विधानांवर समाधान मानतात आणि विसंगतीपर्यंत पोहोचत नाहीत. वाद मिटवण्यासाठी बोलावलेल्या दुसऱ्या साक्षीदाराने पहिल्याला इथे सरळ खोटे पाडले.

हे काळापुरते घडले असते तर अपवाद म्हणून सोडून देता आले असते. पण १९७४ मध्ये थॉमसन यांनी आणि किट फाइन यांनी वेगवेगळ्या निबंधांत एकाच प्रकारच्या अनिवार्यतेच्या व्यवस्थाही अपूर्ण असू शकतात हे सिद्ध केले. फाइन यांची व्यवस्था तर लुईस यांच्या प्रतिष्ठित एस-४ला धरूनच उभी होती. १९७८ मध्ये विम ब्लोक यांनी दाखवले की अशी उदाहरणे तुरळक नाहीत. पुष्कळदा एकाच चौकटींच्या समूहामागे अगणित वेगवेगळ्या व्यवस्था दडलेल्या असतात आणि त्यांतली फार तर एकच पूर्ण असते. यावरून काहींनी निष्कर्ष काढला की चौकट हा अर्थच अपुरा आहे आणि सगळ्यांना पूर्ण ठरवणाऱ्या बीजगणिताकडेच परतावे. मला हा निष्कर्ष उलटा वाटतो. प्रत्येकाला उत्तीर्ण करणारी परीक्षा घेतली म्हणजे विद्यार्थी सुधारत नाहीत. अपूर्णतेच्या या निकालांनी चौकटीचे स्वातंत्र्य सिद्ध केले, आणि त्यामुळेच जिथे पूर्णता टिकते तिथे तिचे मोल वाढले. पुढच्या कामाची दिशाही त्यांनीच दिली: कोणत्या घडणीचे नियम अर्थाशी हमखास जुळतात? नॉर्वेचे हेन्रिक सालक्विस्ट यांनी १९७५ मध्ये वाक्यांचा एक मोठा वर्ग नुसत्या घडणीवरून ओळखून दाखवला. त्या वर्गातले नियम घेतले तर पूर्णतेची खात्री आधीच देता येते. अपयशाची कारणे शोधल्याशिवाय अशी सीमारेषा आखता आली नसती.

स्वतंत्र साक्षीचे सर्वांत देखणे उदाहरण गणिताच्या पायाशी आहे. १९३३ मध्ये कुर्ट गोडेल यांनी एका छोट्या टिपणात ‘अनिवार्य’ऐवजी ‘सिद्ध करता येते’ असे वाचून पाहिले आणि तिथेच बजावले की, सिद्धता म्हणजे एखाद्या ठरावीक व्यवस्थेतली सिद्धता असेल तर एस-४ जुळत नाही. ‘सिद्ध होते ते खरे’ हा नियम आपल्याला उघड वाटतो. पण अंकगणिताची व्यवस्था हा नियम स्वतःविषयी सरसकट सिद्ध करू लागली, तर ती स्वतःच्या सुसंगतीचीच ग्वाही देऊन बसेल, आणि गोडेल यांच्याच १९३१च्या प्रमेयाने सुसंगत व्यवस्थेला ते नाकारले आहे. मग सिद्धतेचे खरे नियम कोणते? मार्टिन लोब यांनी १९५५ मध्ये त्यांतला कळीचा नियम शोधला. ‘अमुक विधान सिद्ध होत असेल तर ते खरे आहे’ एवढे जरी व्यवस्थेने सिद्ध केले, तरी तिने ते अमुक विधान सिद्ध केलेलेच असते. या नियमाच्या चौकटी म्हणजे स्वतःकडे बाण नसलेले, फांद्या फुटत जाऊन कुठेतरी संपणारे वृक्ष. आणि १९७६ मध्ये रॉबर्ट सोलोवे यांनी दाखवले की, अंकगणित स्वतःच्या सिद्धतेविषयी या भाषेत जे जे सर्वसाधारणपणे सिद्ध करू शकते, ते सगळे लोब यांच्या नियमातून निघते. त्यांच्या सिद्धतेत बिंदू-बाणांचे हे वृक्षच अंकगणिताच्या वाक्यांत रोवले आहेत. एका बाजूला संख्या, दुसऱ्या बाजूला फांद्यांचा आकार, तिसऱ्या बाजूला दोन ओळींचा नियम, आणि तिघांचा जबाब एकच.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: सामान्य माणसाला याचे काय? इस्रायलचे अमीर प्नुएली यांनी १९७७ मध्ये प्रायर यांचे काळाचे तर्कशास्त्र संगणकाच्या प्रोग्रॅमला लावले. लिफ्टचे बटण दाबले तर लिफ्ट कधीतरी येईलच. चौकातले दोन्ही आडवे-उभे सिग्नल एकाच वेळी हिरवे कधीच होणार नाहीत. सुरक्षिततेच्या या हमींत ‘कधीतरी’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ हेच शब्द येतात. यंत्राची प्रत्येक स्थिती हा बिंदू आणि एका स्थितीतून दुसरीत जाणे हा बाण, असे मानून एडमंड क्लार्क, अॅलन इमर्सन आणि जोसेफ सिफाकिस यांनी तपासणीची जी यांत्रिक पद्धत घडवली, तिला २००७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. प्नुएली यांना तो १९९६ मध्येच मिळाला होता. या क्षेत्रातले लोक त्या आकृतीला आजही क्रिपके स्ट्रक्चर म्हणतात. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराची चूक निघाली आणि कंपनीने त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च दाखवला. त्यानंतर चिप बनवणाऱ्यांनी अशा पडताळणीकडे अधिक गांभीर्याने पाहिले. कोणी म्हणेल, यंत्राच्या स्थिती मर्यादित असतात आणि तपासणी थेट आकृतीवर होते, मग पूर्णतेची गरज काय? गरज अटी लिहिताना लागते. एकत्र पाळता येणारच नाहीत अशा अटी लिहिल्या गेल्या, आणि नियमांना त्यातली विसंगती दिसलीच नाही, तर थॉमसन यांच्या व्यवस्थेसारखी गत होईल: कागद निर्दोष आणि यंत्र अशक्य. प्नुएली वापरत त्या रेषीय काळाच्या तर्कशास्त्रात असे होऊ शकत नाही, कारण डोव्ह गब्बाय, प्नुएली, सहारोन शेला आणि योनातान स्टावी यांनी १९८० मध्ये त्याची पूर्णता सिद्ध केली. अट कोणतेही यंत्र पाळू शकत नसेल तर तिच्यातली विसंगती नियम उघड करतातच, ही हमी त्या प्रमेयाची आहे.

म्हणून एक आग्रह. आपल्याकडे कला शाखेत अकरावी-बारावीला तर्कशास्त्र हा विषय आहे, आणि विज्ञान शाखेच्या बारावीच्या गणिताचे पहिलेच प्रकरण तर्कशास्त्राचे आहे. विद्यार्थी सत्यता-कोष्टक भरायला शिकतात. कला शाखेचे विद्यार्थी पायरीपायरीने सिद्धताही लिहितात. या दोन्ही रीतींचे उत्तर नेहमी एकच का येते, हा प्रश्न वर्गात विचारला गेला पाहिजे. त्याला नवे पुस्तक लागत नाही, एक तास पुरे. पुढच्या तासाला चार बिंदू आणि पाच बाण फळ्यावर काढून ‘रस्ते स्वच्छ असावेत’ या वाक्यावरून काय निघते आणि काय निघत नाही, हेही दाखवता येईल. आज निर्णयांची कामे नियमांवर चालणाऱ्या यंत्रांकडे वेगाने जात आहेत, आणि ‘सगळे नियमानुसार झाले’ हे उत्तर आपल्याला वरचेवर ऐकावे लागणार आहे. ते उत्तर एका साक्षीदाराचे आहे. ज्या नागरिकाला पूर्णतेचा प्रश्न एकदा समजला, तो पुढचा प्रश्न विचारायला विसरणार नाही: हे नियम ज्या गोष्टीविषयी बोलतात तिच्याशी ते जुळतात का, आणि हे तपासले ते नियम लिहिणाऱ्यानेच की दुसऱ्या कोणी?